माडीवरच्या खोलीसाठी डीजेचे कोणते यंत्र घ्यावे?

पत्र: मी २७ वर्षांची असून बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात एकत्र कुटुंबात राहते आणि मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात नोकरी करते. लहानपणी काही वर्षे तबला शिकले आहे. आता घरच्या घरी डीजेप्रमाणे गाणी एकमेकांत मिसळायला शिकावे, असे मनात आहे. धंदा करायचा नाही, पण कोजागरीला आमच्या अगाशीवर घरच्या आणि शेजारच्या मंडळींचा गरबा असतो, तेवढा तरी सांभाळता यावा. ४५ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. एक मित्र म्हणतो, क्लबमध्ये असतात तसे वापरलेले प्लेअर आणि त्यांचे आवाज एकत्र करणारा मिक्सर घे. दुकानदाराने लॅपटॉपविना चालणारे एकच मोठे यंत्र दाखवले. न्यू जर्सीचे काका त्यांची दोन जुनी टर्नटेबल या हिवाळ्यात येताना आणायला तयार आहेत, आणि माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्डी आहेतच. माझा लॅपटॉप कंपनीचा आहे. बहिणीचा स्वतःचा आहे आणि तो संध्याकाळी मिळू शकतो. आईला आवाजाची काळजी वाटते. काय घ्यावे?

उत्तर: निर्णय आधी सांगतो, कारणे मागाहून देतो. तुम्ही दोन चॅनलचा, म्हणजे एका वेळी दोन गाणी हाताळणारा छोटा कंट्रोलर (लॅपटॉपमधली गाणी हाताने चालवण्याचे बटणांचे आणि पट्ट्यांचे यंत्र) घ्यावा, तो बहिणीच्या लॅपटॉपवर चालवावा, आणि हातातल्या रकमेचा निदान तिसरा हिस्सा चांगल्या हेडफोनसाठी व तारेने जोडायच्या छोट्या स्पीकरसाठी राखून ठेवावा. बहुतेक जण नेमके उलट करतात. सगळे पैसे दिव्यांनी लखलखणाऱ्या यंत्रात घालतात आणि ऐकायला मोबाइलबरोबर आलेले इअरफोन वापरतात. बघणाऱ्याला डीजेचे काम हाताचे वाटते, पण ते मुख्यतः कानाचे आहे, आणि शिकाऊ माणसाची प्रगती त्याला किती स्पष्ट ऐकू येते यावर अडते, यंत्रावर किती बटणे आहेत यावर नाही.

हा कंट्रोलर धरून तुमच्यासमोर चार पर्याय दिसत असले तरी त्यांचे मूळ काम एकच आहे. एक गाणे स्पीकरवर चालू असताना दुसरे फक्त हेडफोनमध्ये ऐकायचे, त्याची गती पहिल्याशी जुळवायची, योग्य मात्रेवर ते सोडायचे आणि मग पट्ट्या सरकवत पहिल्यातून दुसऱ्यात जायचे. गाणे तबकडीवर आहे, पेनड्राइव्हवर आहे की लॅपटॉपमध्ये आहे, एवढाच काय तो फरक. म्हणून कोणतेही यंत्र पाहताना पहिला प्रश्न हा विचारावा की स्पीकरकडे जाणारा आवाज आणि हेडफोनकडे जाणारा आवाज ते स्वतःहून वेगवेगळे देते का. सगळीच यंत्रे देत नाहीत. पायोनियरच्या डीडीजे-२०० या स्वस्त कंट्रोलरमध्ये साउंड कार्डच, म्हणजे आवाज बाहेर देणारा भागच, नव्हता. आवाज दुभागण्यासाठी त्याच्याबरोबर एक वेगळी वायर मिळत असे, आणि ती लावली की स्टिरिओचा एक भाग स्पीकरला आणि दुसरा हेडफोनला जाऊन दोन्हीकडे मोनो, म्हणजे डाव्या-उजव्याचा भेद नसलेला आवाज, ऐकू येई. वापरलेल्या मालात तो अजून दिसतो आणि किमतीमुळे मोह होतो. तो घेऊ नका.

तुमच्या रकमेत मी सर्वांत आधी पायोनियरचाच डीडीजे-एफएलएक्स४ पाहीन. त्यात स्वतःचे साउंड कार्ड आहे, वीज यूएसबीतूनच मिळते, रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो ही दोन्ही प्रचलित सॉफ्टवेअर त्यावर चालतात, आणि बटणांची मांडणी क्लबमधल्या मोठ्या प्लेअरच्या मांडणीला धरून असल्यामुळे उद्या कोणी मोठ्या यंत्रापुढे उभे केले तरी हात गोंधळत नाहीत. पायोनियर डीजेच्या मागे असलेली कंपनी आता नवी यंत्रे अल्फाथीटा या नावाने काढते. दुकानात तसे नाव दिसले म्हणून तो नकली माल समजू नये. हर्क्युलिस आणि न्यूमार्क यांचे दोन चॅनलचे कंट्रोलरही शिकण्यापुरते उत्तम आहेत, आणि त्यांतला एखादा चांगल्या भावात मिळाला तर मी आग्रह धरणार नाही. चार चॅनलचा मात्र घेऊ नका. दोन गाणी नीट जुळवता येण्याआधी तिसऱ्या-चौथ्याचा उपयोग नाही, आणि त्यासाठी मोजलेले पैसे तुमच्या हेडफोनमधून वजा होतात.

छोट्या कंट्रोलरची एक खरी उणीव दुकानदार सांगत नाहीत, ती मी सांगतो. गाण्याची गती कमीजास्त करणारी उभी पट्टी टर्नटेबलवर किंवा मोठ्या प्लेअरवर सुमारे १० सेंटीमीटर लांब असते; छोट्या कंट्रोलरवर ती बरीच आखूड असते, त्यामुळे बोट केसभर हलले तरी गती हवी त्याहून जास्त बदलते. यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहे. रेकॉर्डबॉक्समध्ये या पट्टीची कक्षा ६, १० किंवा १६ टक्के अशी ठरवता येते. ती ६ टक्क्यांवर ठेवली की तीच आखूड पट्टी अधिक बारकाईने चालते, आणि मिनिटाला १०० मात्रांचे गाणे ९४ ते १०६ यांच्या दरम्यान कुठेही नेमके बसवता येते. एकामागून एक लावण्याजोग्या गाण्यांच्या गतीत याहून मोठा फरक सहसा नसतो.

कंपनीच्या लॅपटॉपवर यांतले काहीही टाकू नका. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय कार्यालयीन लॅपटॉपवरचे सुरक्षेचे सॉफ्टवेअर ऐन गाण्यात जागे झाले की आवाज तुटतो. बहिणीच्या लॅपटॉपला एसएसडी आणि ८ जीबी मेमरी असेल तर काम भागेल. गाण्यांचा संग्रह मात्र त्यावर न ठेवता स्वतःच्या वेगळ्या ड्राइव्हवर ठेवावा, म्हणजे तुमची गाणी आणि तिचे काम एकमेकांच्या आड येणार नाहीत.

दुकानदाराने दाखवलेले लॅपटॉपविना चालणारे यंत्र वाईट नाही. पेनड्राइव्ह लावला की ते स्वतःच्या पडद्यावर गाणी दाखवते आणि मध्ये संगणकाची कटकट राहत नाही. न्यूमार्कच्या मिक्सस्ट्रीम प्रोसारख्या यंत्रात तर छोटे स्पीकरही आतच बसवलेले असतात. पण या सोयीची किंमत मोठी आहे, आणि घरात लॅपटॉप उपलब्ध असताना ती मोजणे म्हणजे त्याच रकमेत हेडफोन व स्पीकर यांवर पाणी सोडणे आहे. पुढे कधी बहिणीचा लॅपटॉप मिळेनासा झाला तर या पर्यायाचा पुन्हा विचार करावा.

मित्राच्या सल्ल्याबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तो घरासाठी नाहीच. क्लबमध्ये आज दिसणारा सीडीजे-३००० हा प्लेअर एकेकटाच लाखांत जातो, आणि असे दोन प्लेअर व मिक्सर लागतात. ४५ हजारांत जे मिळेल ते बरेच जुने, म्हणजे फक्त सीडी वाचणारे प्लेअर असतील; त्यांची लेन्स थकलेली, प्ले आणि क्यू ही बटणे दाबून दाबून ढिली झालेली, आणि सुटे भाग मिळणे दुरापास्त. पेनड्राइव्हवर रेकॉर्डबॉक्सची यादी घेऊन येण्याची पद्धत २००९ च्या सीडीजे-२००० पासून रुळली. त्याआधीचा प्लेअर घेतला तर बहुधा गाणी सीडीवर उतरवत बसावे लागेल.

काकांच्या टर्नटेबलविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण त्यात आपुलकी आहे आणि फुकटच्या वस्तूला नाही म्हणणे आपल्याकडे अवघड जाते. टर्नटेबल हे डीजेचे मूळ वाद्य. टेक्निक्सचे एसएल-१२०० हे १९७२ साली आले, त्याची एमके२ ही आवृत्ती १९७९ साली आली, २०१० साली कंपनीने उत्पादन थांबवले आणि मागणीमुळे २०१६ साली ते परत सुरू केले. इतके आयुष्य फार थोड्या यंत्रांना लाभते. काकांकडे तसे काही असेल तर वस्तू मोलाची आहे, पण आणण्याआधी त्यांच्याकडून मागच्या बाजूच्या पट्टीचा फोटो मागवा. तिच्यावर फक्त १२० व्होल्ट लिहिले असेल तर ते आपल्या २३० व्होल्टवर थेट लावता येणार नाही. लावल्यास आतला ट्रान्सफॉर्मर जळेल. योग्य क्षमतेचा, व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर मध्ये घालावा लागेल. यंत्र पट्ट्यावर फिरणारे आणि जुन्या एसी मोटरचे असेल तर आणखी एक गंमत होते. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्‌झची आणि आपली ५० हर्ट्‌झची, त्यामुळे अशी मोटर व्होल्टेज जुळवूनही एक षष्ठांश कमी गतीने फिरते आणि पांढरी तीनमधले गाणे काळी एकमध्ये ऐकू येते. डायरेक्ट ड्राइव्हच्या, म्हणजे पट्ट्याविना तबकडी थेट फिरवणाऱ्या, क्वार्ट्‌झ मोटरला ही अडचण येत नाही.

आता आजोबांच्या रेकॉर्डी. माळ्यावरून एक खाली काढा आणि लेबलावरची गती वाचा. आपल्याकडे ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) लाखेच्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या, तेव्हा जुन्या संग्रहात त्याच असण्याची शक्यता मोठी आहे. हातात जड लागणारी आणि दर बाजूला एकच छोटे गाणे असलेली तबकडी असेल तर ती लाखेची समजा. एसएल-१२०० एमके२ सारख्या डीजे टर्नटेबलवर ३३ आणि ४५ या दोनच गती असतात, ७८ नसतेच. त्यातून लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला वेगळी जाड सुई लागते, आणि डीजेच्या कामात तबकडी बोटांनी मागेपुढे करतात ते लाख सहन करत नाही. संग्रहात विनाइलच्या लाँगप्ले निघाल्या तरी डीजेची सुई त्यांवर चालवू नये. तिचा भार तीन-चार ग्रॅमपर्यंत असतो, ऐकण्याच्या सुईचा त्याच्या जवळपास निम्मा. आजोबांचा ठेवा ऐकण्यासाठी साधे वेगळे टर्नटेबल घेता येईल, तो विषयच निराळा आहे. डीजे शिकण्याच्या खर्चात त्याला ओढू नका.

आणि शेवटी तुमचा वाडा. दांडिया बाजारातल्या वाड्यांच्या माडीला बहुधा लाकडी तुळयांवरची तक्तपोशी असते, आणि खोलीच्या मधोमध झोपाळा. झोपाळ्यावर कोणी बसून पायाने रेटा दिला की कड्या कुरकुरतात, तुळई हलते, तिच्याबरोबर फळ्या हलतात आणि फळ्यांवरच्या टेबलावरची सुई खाचेतून उडी मारते. स्पीकर त्याच टेबलावर ठेवला तर त्याचा खर्ज सुईत शिरून पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो आणि घोंघावा सुरू होतो. जाड दगडी फरशीचा तुकडा आणि खाली रबर ठेवून हे कमी करता येते, पण घरातल्यांनी झोपाळ्यावर बसायचे नाही, असा नियम तुमच्या घरी किती दिवस टिकेल याचा अंदाज तुम्हीच करा. कंट्रोलरला सुई नसल्यामुळे ही कटकट मुळातच नाही. शिवाय टर्नटेबलचा आवाज फार क्षीण असतो, काही मिलिव्होल्टांचा, आणि तो वाढवणारा फोनो इनपुट छोट्या कंट्रोलरवर सहसा नसतो. म्हणजे टर्नटेबल आले की मागोमाग मिक्सरही आला. काकांना दुसरे काही आणायला सांगता येईल, ते पुढे लिहितो.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तबला, आणि माझ्या मते यंत्राच्या निवडीइतकेच महत्त्व तिला आहे. प्रत्येक कंट्रोलरवर सिंक नावाचे बटण असते. सॉफ्टवेअर गाणे आधीच तपासून त्यावर मात्रांची जाळी आखते, आणि सिंक दाबले की दोन गाण्यांच्या जाळ्या एकमेकींवर बसतात. ही जाळी गाण्याची गती शेवटपर्यंत कायम राहते असे गृहीत धरते, आणि संगणकावर बांधलेल्या नाचाच्या गाण्यांत ते खरेही असते. पण १९७० च्या दशकातली चित्रपटगीते समोर बसलेल्या वादकांनी वाजवलेली आहेत. अंतऱ्याला गती जराशी चढते, मुखड्यावर उतरते. बडोद्याचा गरबा तर आजही मंचावरच्या गायक-वादकांवर चालतो, आणि त्याच्या ध्वनिमुद्रणात रात्र चढत जाते तशी लयही चढत जाते. अशा गाण्यांवर जाळी दोन मिनिटांतच सरकते, आणि सिंकवर विसंबलेल्या माणसाची दोन गाणी लंगडू लागतात. रेकॉर्डबॉक्समध्ये बदलत्या गतीचे विश्लेषण करण्याची डायनॅमिक नावाची सोय आहे, ती अशा गाण्यांसाठी चालू करावी. तिने पुष्कळ फरक पडतो, पण पूर्ण भरवसा ठेवू नये.

दुसरी अडचण तालाची आहे. ही सगळी सॉफ्टवेअर चार मात्रांचा गट मानून चालतात. कहरवा त्यात आपोआप बसतो, पण गरब्यातला हींच हा ताल सहा मात्रांचा. सॉफ्टवेअर अशा गाण्याची गती अनेकदा चुकीची सांगते, कधी दीडपट तर कधी दोन तृतीयांश, आणि चार किंवा आठ मात्रांचा तयार लूप (पुन्हापुन्हा फिरणारा गाण्याचा तुकडा) लावला की सम हुकते आणि फेर धरून नाचणाऱ्या बायकांची टाळी रिकामी पडते. तिथे तयार लूपचे बटण सोडून लूपची सुरुवात आणि शेवट हाताने, एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंत, ठरवायचा. हे तबला न शिकलेल्याला समजावून सांगायला फार वेळ लागतो. तुम्हाला ते बोटांवर मोजून कळेल. म्हणून पहिले काही आठवडे सिंकला हात लावू नका. एकच गाणे दोन्ही बाजूंना लावा, एकाची गतीची पट्टी न बघता हलवा, पडद्यावरचा गतीचा आकडा कागदाच्या पट्टीने झाका आणि हेडफोन एकाच कानावर ठेवून ते पुन्हा जुळवा. दोन ठेके एकावर एक बसले की एकच ठेका ऐकू येतो. किंचित सुटले की घोड्याच्या टापेसारखा दुहेरी आघात ऐकू येतो, आणि कोणता पुढे पळतो आहे ते ओळखणे हीच सारी विद्या.

या सरावासाठी हेडफोन पाठ बंद असलेले, तारेचे आणि एक कप कानावरून बाजूला फिरवता येईल असे हवेत. सेनहायझरचे एचडी २५ हे डीजेंमध्ये वर्षानुवर्षे चालत आलेले मॉडेल. ते महाग वाटले तर ऑडिओ-टेक्निकाच्या एम मालिकेतले, कप फिरणारे, त्याहून स्वस्त मॉडेल घरासाठी पुरते. काकांना आणायला सांगायचेच असेल तर हे सांगा. हेडफोनला व्होल्टेजचा प्रश्न येत नाही आणि ते बॅगेत मावतात. फक्त अमेरिकेत घेतलेल्या वस्तूची हमी इथे लागू होईलच असे नाही, एवढे गृहीत धरावे.

ब्लूटूथ या कामाला अजिबात चालत नाही, स्पीकरला नाही आणि हेडफोनलाही नाही. ब्लूटूथचा आवाज साधारण एक दशांश ते एक पंचमांश सेकंद उशिरा पोहोचतो. मिनिटाला १२० मात्रांच्या गाण्यात एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे उशीर मात्रेच्या दोन पंचमांशापर्यंत जाऊ शकतो. हात समेवर पडला तरी कानाला तो समेनंतर ऐकू येणार. त्यामुळे घरात असलेला ब्लूटूथ स्पीकर वापरायचा असेल तर त्याला तारेचा इनपुट आहे का ते पाहा. नवे घ्यायचे तर साडेतीन किंवा चार इंची वूफरची (खर्ज वाजवणाऱ्या पडद्याची), आतच अँप्लिफायर असलेली स्पीकरची छोटी जोडी तुमच्या खोलीला भरपूर आहे. मोठ्या वूफरचा खर्ज लाकडी तक्तपोशीतून थेट खालच्या खोलीत उतरतो, आणि आईची काळजी मुख्यतः त्या खर्जाचीच असणार. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू नका, खाली फोमचे तुकडे ठेवा, आणि रात्री फक्त हेडफोनवर सराव करा. हेडफोनचा आवाजही जपावा. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास आणि ९० डेसिबलवर केवळ ४ तास अशी मर्यादा सांगते, आणि सरावाच्या भरात आवाज नकळत वाढत जातो.

जुन्या वाड्यात आणखी एक गोष्ट हमखास होते. सगळे जोडून स्पीकर चालू केला की गाणे नसतानाही बारीक गुणगुण येत राहते, आणि माणूस यंत्राला दोष देतो. अशा वेळी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. गुणगुण तत्क्षणी थांबली तर दोष अर्थिंगचा आहे; लॅपटॉप आणि स्पीकर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, आणि तरीही राहिली तर इलेक्ट्रिशियनकडून त्या खोलीच्या सॉकेटला अर्थिंग पोहोचते का ते तपासून घ्या. तिसरी पिन काढून टाकण्याचा तोडगा सुचवला जाईल, तो करू नका.

कोजागरीसाठी मोठे स्पीकर विकत घेण्याचे कारण नाही. साउंडवाल्याकडून एका रात्रीपुरती जोडी भाड्याने आणावी. एफएलएक्स४ ला आवाज बाहेर जाण्यासाठी आरसीएची (घरगुती यंत्रांना असतात तशा लाल-पांढऱ्या तोंडांची) एकच जोडी आहे, आणि या प्रकारच्या तारेने लांब अंतर काढले की वाटेत गुणगुण गोळा होते. म्हणून साउंडवाल्याचा छोटा मिक्सर तुमच्या टेबलावरच ठेवायला सांगा, तिथपर्यंत दोन मीटरची आरसीए वायर द्या, आणि पुढचे अंतर त्याच्या तीन पिनांच्या एक्सएलआर केबलने जाऊ द्या. स्पीकर अगाशीच्या टोकाला असतील तर आवाज तुमच्यापर्यंत उशिरा पोहोचतो, दर मीटरला साधारण तीन मिलिसेकंद, तेव्हा गाणी जुळवताना लांबच्या स्पीकरवर न जाता हेडफोनमध्येच दोन्ही गाणी ऐकून जुळवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सणांसाठी राज्य सरकार वर्षात १५ दिवसांपर्यंत मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते, पण त्या दिवसांत कोजागरी आहे का हे त्या वर्षीच्या आदेशावरून पाहावे लागेल. नसेल तर गरबा साडेसातला सुरू करून दहाच्या आत आरती घ्या, आणि दूध आटेपर्यंत पुढची गाणी माडीवरच्या छोट्या स्पीकरवर, खिडक्या लावून, वाजवा.